क्लोनमध्ये मुळातून काय आलं?

रिअ‍ॅक्टओएस ही विंडोजसारखी चालणारी प्रणाली बसवली तर मायक्रोसॉफ्ट हरकत घेईल का? रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवरून बांधलेल्या रॉकी लिनक्सवर सर्व्हर चालवला तर त्या कंपनीला पैसे द्यावे लागतील का? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा हो किंवा नाही एवढंच हवं असतं. तसं एका वाक्यात सांगायचं तर क्लोन, म्हणजे दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमसारखीच चालणारी प्रणाली, वापरणं कायदेशीर आहे. हरकत येते ती मूळ प्रणालीतून उचलून त्यात आणलेल्या कशामुळे तरी. ते कोडचे तुकडे असतील, नाव किंवा लोगो असेल, एखादी डीएलएल फाइल (विंडोजचे प्रोग्राम लागेल तशी वापरतात ती तयार कोडची फाइल) असेल, नाहीतर आपणच सही करून बसलेला एखादा करार असेल. म्हणून चौकशी करायची ती एवढीच: मुळातून यात काय आलं, आणि कोणाच्या परवानगीने आलं?

क्लोन दोन जातींचे असतात आणि दोघांची दुखणी वेगळी. पहिली जात सोर्सवरून पुन्हा बांधलेल्यांची. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सचा (आरएचईएल) सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोड घेऊन, तो नव्याने कंपाइल करून (यंत्राला चालवता येईल अशा रूपात, म्हणजे बायनरीत आणून), दुसऱ्या नावाने दिलेली सेंटओएस, अल्मालिनक्स, रॉकी, ओरॅकल लिनक्स ही मंडळी यातली. इथे कोड मूळचाच असतो, पण परवान्याने आलेला. दुसरी जात वागणूक पाहून शून्यापासून लिहिलेल्यांची: विंडोज एनटीसाठी रिअ‍ॅक्टओएस, एमएस-डॉससाठी फ्रीडॉस, बीओएससाठी हायकू. इथे मुळातली एक ओळही आलेली चालत नाही, यायचं ते फक्त वागणं. पहिल्या जातीत भांडण नावावरून आणि करारावरून होतं, दुसरीत कोड कुठून आला यावरून.

दुसरीपासून सुरुवात करू, कारण तिथला कायदा जुना आणि बराचसा पक्का आहे. फ्रँकलिन नावाच्या कंपनीने १९८२ मध्ये अ‍ॅपल टूशी जुळणारा ‘एस’ हा संगणक बाजारात आणला. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम अ‍ॅपलच्याच प्रोग्रामांची जशीच्या तशी नक्कल होती. इतकी, की अ‍ॅपलच्या एका प्रोग्रामरचं नाव आणि ‘अ‍ॅपलसॉफ्ट’ हा शब्दही तिच्यात तसेच राहून गेले होते. फ्रँकलिनने नक्कल नाकारलीच नाही. तिचा मुद्दा असा की ऑपरेटिंग सिस्टीम हा यंत्राचाच भाग, तिला कॉपीराइट लागू होत नाही. अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने १९८३ मध्ये हा मुद्दा फेटाळला. हा निकाल अनेकदा क्लोनविरोधी म्हणून सांगितला जातो, पण तो नकलेच्या विरोधातला आहे. जुळणारी प्रणाली स्वतः लिहू नका, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

ते कसं लिहायचं हे पुढच्याच वर्षी फिनिक्स कंपनीने दाखवलं. आयबीएमने आपल्या पीसीच्या बायोसचा (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) सोर्स तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकला होता. ही उदारता नव्याने लिहिणाऱ्यासाठी सापळाच होती, कारण पुस्तिका वाचलेला इंजिनिअर कोड लिहायला बसला की ‘तू तिथूनच उचललंस’ हा आरोप तयार. फिनिक्सने काम दोन गटांत तोडलं. पहिल्या गटाने आयबीएमचा कोड अभ्यासला आणि बायोस काय करतो एवढंच लिहून काढलं: अमुक इंटरप्ट आला, रजिस्टरमध्ये अमुक किंमत असली, तर उत्तर अमुक यायला हवं. दुसऱ्या गटाने तो कोड कधीच पाहिलेला नव्हता, त्याने या वर्णनावरून आपला बायोस लिहिला. दोन गटांमध्ये काय गेलं-आलं त्याची नोंद ठेवणं हा या पद्धतीचा कणा. हिला क्लीन रूम म्हणतात. तिचं मोल कळतं ते न्यायालयात. दोन कोडमध्ये साम्य निघालं, तरी ते कामाच्या गरजेतून आलं हे दाखवायला हातात कागद असतात.

साम्य तर निघणारच. फंक्शनचं नाव, त्याला द्यायचे पॅरामीटर, फाइलची मांडणी हे तंतोतंत तेच ठेवलं नाही तर जुने प्रोग्राम चालायचे कसे? युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एसएएस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग या खटल्यात स्वच्छ सांगितलं की प्रोग्रामची कार्यक्षमता, त्याची भाषा आणि डेटा फाइलचा फॉरमॅट यांना कॉपीराइटचं संरक्षण नाही. अमेरिकेत एप्रिल २०२१ मध्ये ओरॅकल विरुद्ध गूगलचा निकाल सहा विरुद्ध दोन असा लागला. गूगलने जावाच्या एपीआयमधल्या (प्रोग्रामांनी तयार फंक्शनांना हाक मारायच्या नावांच्या मांडणीतल्या) सुमारे ११,५०० ओळी घेतल्या होत्या, एकूण २८ लाख ६० हजारांपैकी, आणि तो ‘फेअर यूज’, म्हणजे परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर ठरला. पण एपीआयला मुळात कॉपीराइट असतो की नसतो, हा प्रश्न न्यायालयाने मुद्दाम बाजूला ठेवला. दोन्हीकडे वापरणाऱ्याच्या हाती येणारं उत्तर एकच असलं, तरी अमेरिकेतलं उत्तर प्रत्येक वेळी परिस्थिती तोलून द्यावं लागणारं आहे. मला युरोपची भूमिका जास्त भरवशाची वाटते.

परवाना करारात ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग करू नये’, म्हणजे तयार प्रोग्राम उलगडून तो कसा चालतो ते शोधू नये, असं वाक्य असतंच. त्याला किती घाबरायचं हे देशावर अवलंबून आहे. युरोपीय महासंघाच्या १९९१ च्या निर्देशाने दोन हक्क दिले: प्रोग्राम चालवून त्याचं निरीक्षण करण्याचा, आणि इतर मार्गाने न मिळणारी सुसंगततेची माहिती काढण्यापुरतं डिकंपाइल करण्याचा, म्हणजे बायनरीतून पुन्हा वाचता येणारा कोड काढण्याचा. करारात काहीही लिहून हे हक्क काढून घेता येत नाहीत. भारताच्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५२ खाली अशाच सवलती आहेत. अमेरिकेत मात्र करारातली अशी बंदी न्यायालयाने टिकवून धरल्याचीही उदाहरणं आहेत.

हा फरक रिअ‍ॅक्टओएसला महागात पडला. जानेवारी २००६ मध्ये प्रकल्पाच्या आतूनच आक्षेप आला की कोडचे काही तुकडे विंडोजच्या डिसअसेम्ब्लीवरून (बायनरी उलगडून काढलेल्या कोडवरून) उतरवल्यासारखे दिसतात. एकाच माणसाने बायनरी उलगडून पाहायची आणि त्यानेच कोड लिहायचा, हे काही देशांत चालून जाईल, पण अमेरिकी अर्थाच्या क्लीन रूममध्ये माणसं दोन लागतात. प्रकल्पाने कडक अर्थ स्वीकारला, काम थांबवलं आणि स्वतःच्याच कोडचं ऑडिट सुरू केलं. बाहेरून कोणी दावा केला नसतानाही हे केलं, आणि माझ्या मते याच कारणाने त्या प्रकल्पावर विश्वास ठेवता येतो.

लीक झालेला सोर्स हे याहून मोठं संकट. विंडोज एनटी ४ आणि २००० चे तुकडे फेब्रुवारी २००४ मध्ये बाहेर आले, एक्सपीचा सोर्स सप्टेंबर २०२० मध्ये. रिअ‍ॅक्टओएस किंवा वाइनसारख्या (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या) प्रकल्पाला अशा लीकचा उपयोग होईल असं वाटणं साहजिक आहे, पण होतं उलटंच. तो कोड पाहिलेल्या माणसाचं योगदान हे प्रकल्प घेत नाहीत. खुला केलेला सोर्सही धोक्याचा असू शकतो. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये एमएस-डॉसच्या जुन्या आवृत्त्यांचा सोर्स एका संग्रहालयामार्फत दाखवला तेव्हा परवाना फक्त अव्यावसायिक वापराचा होता. जीपीएल या सोर्स मोकळा ठेवायला लावणाऱ्या परवान्याखाली चालणाऱ्या फ्रीडॉसने लगेच सांगितलं, तो सोर्स वाचला असेल तर आमच्याकडे कोड पाठवू नका. तोच सोर्स २०१८ मध्ये एमआयटी या जवळपास बिनअटी परवान्याखाली पुन्हा आला तेव्हा अडसर गेला. कोड तोच, फक्त परवाना बदललेला.

वापरणाऱ्याने यातलं काय तपासायचं? प्रकल्पाचा योगदानविषयक नियम. मूळ कंपनीचा सोर्स पाहिलेल्यांबद्दल तिथे काही लिहिलेलं आहे का, प्रत्येक बदलामागे कोणाचं नाव आहे का, एवढं पाहायला दहा मिनिटं लागतात. असं काही नसलेला ‘विंडोजसारखा’ प्रकल्प उत्पादनात वापरू नये. वापरणाऱ्यावर दावा होण्याची शक्यता तशी कमीच, पण मनाई हुकूम आला तर अपडेट एका रात्रीत बंद होतील. बीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या मुक्त प्रणालीच्या बाबतीत हीच भीती खरी नुकसानकारक ठरली. एटीअँडटीच्या युनिक्स विभागाने १९९२ मध्ये दावा लावला, १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. सुमारे १८,००० फाइलींपैकी तीन काढाव्या लागल्या, आणखी सत्तरेक फाइलींमध्ये कॉपीराइटची सूचना घालावी लागली. वाद एवढ्याशा फाइलींचा होता, पण संशयाची ती दोन वर्षं लिनक्सच्या पथ्यावर पडली.

इतकं सगळं शुद्ध राखलेला क्लोन वापरणारा मात्र आपल्या हाताने बाटवतो. एखादा प्रोग्राम चालत नाही, मग कुठूनतरी मूळ विंडोजची डीएलएल उतरवून फोल्डरमध्ये टाकली जाते. वाइनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक लायब्ररीसाठी ‘बिल्टइन’ आणि ‘नेटिव्ह’ असे पर्याय असतात. बिल्टइन म्हणजे प्रकल्पाने स्वतः लिहिलेली, नेटिव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची. नेटिव्ह निवडताक्षणी प्रश्न येतो: ही फाइल कोणत्या परवान्याखाली इथे आली? डीएलएल वाटणाऱ्या साइटवरून आली असेल तर उत्तर नाहीच. स्वतःच्या विंडोजमधून काढली असेल तरी ती त्या विंडोजच्या परवान्याचा भाग असते, आणि लॅपटॉपसोबत आलेला ओईएम परवाना त्या यंत्राला बांधलेला असतो. रनटाइम पॅकेजांच्या परवान्यातही ‘वैध विंडोजवरच’ अशी अट असू शकते, म्हणून ‘मान्य आहे’ दाबण्याआधी तेवढं वाक्य शोधावं. क्रम असा ठेवावा: आधी बिल्टइनवर चालवून पाहायचं, नाही चाललं तर प्रोग्रामच्या निर्मात्याने स्वतः पुनर्वितरणाला दिलेली फाइल शोधायची, तीही नसेल तर तो प्रोग्राम खऱ्या, परवाना असलेल्या विंडोजवर ठेवायचा. कुठल्या यंत्रावर कोणती लायब्ररी नेटिव्ह केली याची नोंद ठेवली तर पुढच्या ऑडिटमध्ये शोधाशोध वाचते.

फाँटचं तेच. मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून एरियल, टाइम्स न्यू रोमन वगैरे फाँट वेबसाठी फुकट दिले, पण अट अशी घातली की ते मूळ ईएक्सई पुडक्यातूनच वाटायचे. म्हणून हे फाँट देणाऱ्या लिनक्सवरच्या पॅकेजमध्ये फाँट नसतातच. असते ती एक स्क्रिप्ट, जी वापरणाऱ्याच्या यंत्रावर ती पुडकी उतरवते आणि उघडते. ऑफलाइन इन्स्टॉल करताना हे पॅकेज अडकतं त्याचं कारण हेच. मग कोणीतरी उघडलेले फाँट थेट इमेजमध्ये (प्रणालीच्या तयार प्रतीत) भरतो आणि ती इमेज वाटतो, तिथे अट मोडली. रेड हॅटने २००७ मध्ये काढलेले लिबरेशन फाँट यावरचा साधा उपाय. अक्षरांची रुंदी मूळ फाँटांइतकीच असल्याने दस्तऐवजातल्या ओळी आणि पानं जागच्या हलत नाहीत.

आता पुन्हा बांधलेल्यांकडे. इथे कोडबद्दल कोणाचीच तक्रार नाही, जीपीएल आणि तत्सम परवाने तो घ्यायला, बदलायला आणि वाटायला देतातच. परवाना कोडचा असतो, नावाचा नसतो. रेड हॅटच्या वकिलांनी २००५ मध्ये सेंटओएसला पत्र पाठवून आपल्या नावाचा वापर थांबवायला सांगितलं. त्यानंतर सेंटओएसचे लोक ‘उत्तर अमेरिकेतला एक नामवंत एंटरप्राइझ लिनक्स विक्रेता’ असा उल्लेख करू लागले. सगळ्यांना कळत होतं कोण ते, पण नाव घ्यायचं नाही!

बांधताना काय काढावं लागतं ते पाहिलं की ट्रेडमार्कची सीमा नीट दिसते. लोगोचं पॅकेज, डेस्कटॉपची चित्रं, बूट होतानाचा पडदा, ब्राउझरचं मुखपृष्ठ, रिलीज नोट्स, पहिल्या वेळी दिसणारा करार, ही सगळी बदलायची. पण ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधली ‘रेडहॅट-रिलीज’ नावाची फाइल तशीच राहते, आत मजकूर मात्र क्लोनचा. कारण बाहेरचे इन्स्टॉलर ती फाइल त्याच नावाने शोधतात. इथे नाव ब्रँड म्हणून वापरलेलं नसून सुसंगततेची कळ म्हणून आलं आहे. ‘आरएचईएलशी सुसंगत’ असं वर्णन करणंही साधारणपणे चालतं. आपलं उत्पादन त्यांचंच किंवा त्यांनी मान्यता दिलेलं आहे असं भासवलं की मग नाही.

नुसतं पुन्हा कंपाइल करणंही दिसतं तितकं सोपं नाही. एका पॅकेजसाठी दुसरं आधी बांधलेलं लागतं, दुसऱ्यासाठी पहिलं, आणि मूळ कंपनीने कोणत्या वातावरणात बांधलं ते सोर्समध्ये लिहिलेलं नसतं. आरएचईएल ६ नोव्हेंबर २०१० मध्ये आलं, सेंटओएस ६ ला जुलै २०११ उजाडलं. त्याच सुमारास रेड हॅटने कर्नलचा (प्रणालीच्या गाभ्याचा) सोर्स सुटे पॅच (एकेक बदल) न देता एकत्र मिसळून द्यायला सुरुवात केली. कायद्याने सोर्स दिलेला, पण कोणता बदल कशासाठी ते कळणं अवघड.

मोठा वाद पेटला तो २०२३ मध्ये. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस लिनक्स ८ चं आयुष्य वर्षभरात संपवणार असं जाहीर झालं होतं, आणि त्यातूनच अल्मालिनक्स व रॉकी उभे राहिले. जून २०२३ मध्ये रेड हॅटने सांगितलं की यापुढे सार्वजनिक सोर्स फक्त सेंटओएस स्ट्रीमचा (आरएचईएलच्या येणाऱ्या आवृत्तीच्या आधीच्या रूपाचा), नेमक्या आरएचईएलचा सोर्स ग्राहकांनाच मिळेल. जीपीएल याला आडवं येत नाही. बायनरी ज्याला दिली त्याला सोर्स द्यायचा, साऱ्या जगाला नाही. खरी मेख करारात आहे: ग्राहकाने तो सोर्स पुढे वाटला तर त्याचं सबस्क्रिप्शन बंद होऊ शकतं. जीपीएलची दुसरी आवृत्ती, कलम सहा, म्हणते की घेणाऱ्याच्या हक्कांवर जादा बंधनं घालू नका. मग ‘वाटा, पण वाटलंत तर पुढचं मिळणार नाही’ हे बंधन की नुसता व्यवहार? ग्रसेक्युरिटी या कर्नल पॅचच्या करारात असंच कलम होतं. ते जीपीएलचा भंग आहे असं लिहिणारे मुक्त सॉफ्टवेअरचे जुने पुरस्कर्ते ब्रूस पेरेन्स यांच्यावर बदनामीचा दावा झाला. तो अमेरिकेच्या अपील न्यायालयातही २०२० मध्ये फेटाळला गेला, पण ते मत आहे, बदनामी नव्हे एवढ्यावर. कलमाच्या वैधतेचा निवाडा त्यात झाला नाही. मला असं कलम अक्षराने टिकणारं, पण परवान्याच्या हेतूशी दगाबाजी करणारं वाटतं.

क्लोननी आपापली वाट काढली. रॉकीने सार्वजनिक कंटेनर इमेज आणि तासावर भाड्याने मिळणारी क्लाउड यंत्रं यांतून सोर्स मिळवण्याचा मार्ग सांगितला. अल्माने बगसकट (चुकांसकट) तंतोतंत प्रत हे ध्येय सोडून बायनरी सुसंगततेवर समाधान मानलं. सर्व्हर चालवणाऱ्याला दोन्ही वैध आहेत. फक्त ‘आमच्या बगचं उत्तर रेड हॅटच्या त्याच आवृत्तीत सापडेल’ हे गृहीत अल्मावर प्रत्येक वेळी खरं ठरणार नाही.

या जातीत वापरणारा अडकतो ते वेगळ्याच जागी. संस्थेने रेड हॅटची एक-दोन सबस्क्रिप्शन घेतलेली असतात, बाकी सगळे सर्व्हर क्लोनवर. एखादं तातडीचं अपडेट क्लोनला उशिरा येतं, मग ग्राहक पोर्टलवरून ते पॅकेज उतरवून सगळीकडे टाकलं जातं. पॅकेजचा परवाना जीपीएल असेलही, पण सेवेच्या करारात पैसे प्रत्येक प्रणालीमागे ठरलेले असतात, आणि भंग होतो तो त्या कराराचा. रेड हॅट आणि क्लोन या दोन्हींच्या रिपॉझिटरी (पॅकेज मिळण्याचे साठे) एका यंत्रावर कधीच मिसळू नयेत. तपासायला सोपं आहे: बसवलेल्या प्रत्येक पॅकेजच्या माहितीत बांधणारा आणि सही कोणाची हे दिसतं. क्लोनवर रेड हॅटची सही असलेलं पॅकेज सापडलं तर ते काढून क्लोनचं बसवायचं. नुसतं शिकायला किंवा छोट्या कामाला मूळ आरएचईएलच हवं असेल तर वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन २०२१ पासून १६ यंत्रांपर्यंत मोफत आहे. त्यासाठी आडवाटेला जायची गरज नाही.

प्रमाणपत्रं मात्र क्लोनमध्ये येत नाहीत. क्रिप्टोग्राफीचं एफआयपीएस (अमेरिकी सरकारचं मानक) प्रमाणपत्र तपासलेल्या विशिष्ट बायनरीला मिळतं. त्याच सोर्सवरून दुसऱ्याने बांधलेल्या बायनरीला ते नव्याने घ्यावं लागतं. निविदेत ‘प्रमाणित प्रणाली’ लिहून क्लोन बसवला तर कॉपीराइटचा भंग होत नाही, पण खोटं निवेदन होतं. डेटाबेससारख्या महागड्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टचीही हीच गत. रिलीज फाइलमधला मजकूर बदलून इन्स्टॉलरला फसवता येतं, सपोर्ट विभागाला लॉग पाठवायची वेळ आली की ते उघडं पडतं.

नावाचे इतर तंटे थोडक्यात. लिंडोज नावाच्या लिनक्सवर मायक्रोसॉफ्टने दावा केला, आणि २००४ मध्ये स्वतःच दोन कोटी डॉलर देऊन तडजोड केली, नाव बदलून लिनस्पायर झालं. ओपनबीओएस त्याच वर्षी हायकू झालं. सायस्टारची गोष्ट वेगळी. त्या कंपनीने खरं मॅक ओएस दुसऱ्याच हार्डवेअरवर बसवून विकलं आणि २००९ मध्ये हरली. तो क्लोन नव्हताच, मूळ प्रणालीच होती, तरी क्लोनच्या चर्चेत तिचं उदाहरण उगाच दिलं जातं.

पेटंट हा एकच मुद्दा असा की मुळातून काहीही न घेता भंग होऊ शकतो. फॅट फाइल सिस्टीममधल्या लांब नावांच्या पेटंटवरून मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये टॉमटॉमवर दावा केला होता, तो तडजोडीत मिटला. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये (लिनक्सबाबत एकमेकांवर पेटंट न चालवणाऱ्या कंपन्यांच्या गटात) सामील झाल्यावर लिनक्सपुरती ही बाजू बरीच निवळली. व्हिडिओ कोडेकची (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतींची) मात्र अजून निवळलेली नाही.

क्लोन बसवलेली यंत्रं विकणाऱ्याची जबाबदारी वापरणाऱ्याहून जास्त. संस्थेच्या आत कितीही सर्व्हरवर बसवा, जीपीएल काही मागत नाही. बायनरी बाहेरच्याच्या हाती गेली की मागतं: सोर्स सोबत द्या, किंवा निदान तीन वर्षं वैध राहील असं लेखी आश्वासन द्या. ‘सोर्स प्रकल्पाच्या साइटवर आहे’ असं सांगून विकणाऱ्याची सुटका होत नाही, आणि नवी आवृत्ती आली की जुन्या पॅकेजांचे सोर्स तिथून हलतातही. म्हणून इमेज बनवली त्याच दिवशी तिच्यातल्या प्रत्येक पॅकेजचा नेमक्या त्याच आवृत्तीचा सोर्स, त्याच्या स्पेक फाइल (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी) आणि पॅचसह, वेगळा साठवून ठेवावा. इमेजमध्ये स्वतःचे बदल केले असतील तर क्लोनच्या ट्रेडमार्कचे नियमही वाचावेत. अल्मा आणि रॉकी ही नावंही ट्रेडमार्क आहेत, आणि बदललेल्या प्रतीवर ती ठेवता येतीलच असं नाही. नाही ठेवता आली, तर त्यांच्या लोगोचं पॅकेज काढून आपलं घालायचं.